पोपटीच्या जोडीला गार्लिक ब्रेड

नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात पळस्पे फाट्यावर काय चालतं, हे पनवेलकरांना सांगायला नको. मुंबईकडून आणि पुण्याकडून आलेल्या गाड्या इथेच गोव्याच्या रस्त्याला लागतात. कुणाला अलिबाग गाठायचं असतं, कुणाला मुरूड, कुणाला थेट गोवा. त्यातले बरेचसे आधी दत्त स्नॅक्समध्ये वडा आणि कोकम सरबताला थांबणार. या गर्दीतून शिरढोण-कर्नाळ्याकडच्या शेतघरावर येणारे पाहुणे ‘अर्ध्या तासात पोचतो’ म्हणाले, तर यजमानाने दीड तास धरावा. अशा वेळी भजी तळायला घ्यायची तरी कधी? गार्लिक ब्रेडचं तसं नाही. सकाळी भरून, गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला की झालं. गाडी दारात लागली की वीस मिनिटांत ताटलीत.

हा पदार्थ आपल्याकडे रुळला तो पिझ्झाच्या दुकानांमुळे. डॉमिनोजचं भारतातलं पहिलं दुकान १९९६ साली दिल्लीत उघडलं, आणि पुढे पिझ्झाबरोबर गार्लिक ब्रेड मागवायची सवय गावोगाव पोचली. मूळ कल्पना इटलीतली: भाजलेल्या पावावर लसणाची पाकळी घासायची आणि वर ऑलिव्ह तेल. अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी तेलाच्या जागी लोणी घेतलं. आपण त्यात चीज कोंबलं. माझं मत विचाराल तर चीजने लसूण मरतो; पण घरात पोरं असतील तर हा वाद घालू नये.

यासाठी लांबुडका फ्रेंच पाव शोधत वाशीपर्यंत जायची गरज नाही. बेकरीतली लादी उत्तम. लादीतले गोळे एकमेकांना चिकटून भाजले जातात, म्हणून कडा मऊ राहतात आणि फक्त माथा तांबूस होतो. हाताने एकेक पाव तोडून खायची सोय तिच्यात आधीच आहे. लादी मात्र आदल्या दिवशीची घ्यावी. ताजी लादी सुरी लावताच चिरडते आणि लोणी पिऊन गिच्च होते. गोव्याचा जाड कवचाचा उंडो मिळाला तर आणखी छान, पण तो पळस्प्याला कुठला मिळायला!

सहा पावांच्या लादीला १०० ग्रॅम खारं लोणी पुरतं. ते बाहेर काढून मऊ होऊ द्यावं, वितळवू नये. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्के पाणी असतं. वितळवलं की पातळ तूप सरळ पावाच्या तळाशी जातं, वरचा भाग कोरडा राहतो. मऊ लोणी जिथे लावाल तिथे राहतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ लसणाला करपू देत नाही. मीठ वेगळं घालू नये.

लसणाच्या दहा-बारा पाकळ्या ठेचाव्या आणि दहा मिनिटं तशाच ठेवाव्या. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचल्यावर तिच्यातलं एक विकर दुसऱ्या घटकाला भेटतं आणि ॲलिसिन तयार होतं. तोच तो झणका. ठेचल्या ठेचल्या गरम केलं तर विकर निकामी होतं आणि झणका पुरता उतरतच नाही. थंडीत बाजारात लसणाची कोवळी पात येते, तीही मूठभर बारीक चिरून घालावी. तिचा हिरवा, सौम्य स्वाद ठेचलेल्या लसणाची धार थोडी कमी करतो.

आता हर्ब्ज. प्रत्येक घरात एका खणात पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगानोच्या पुड्या साठलेल्या असतात. त्या वापरा, पण कुंडीकडेही एकदा बघा. ज्याच्या पानांची भजी करतो त्या पानओव्यात कार्व्हाक्रोल असतं, आणि ओरेगानोचा वासही मुख्यतः त्याचाच. मरवा, जो आपण गजऱ्यात माळतो, तो ओरेगानोचा सख्खा भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच. फालुद्यात ज्याचं बी घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचीच एक जात. म्हणजे इटालियन स्वयंपाकघरातला निम्मा वास कोकणातल्या अंगणात आधीपासून आहे. मरवा मात्र घरच्या कुंडीतलाच घ्यावा, फुलवाल्याकडचा नको. त्यावर काय फवारलंय कोण जाणे.

पानओव्याची चार पानं पुरेत. जास्त झाली तर खोकल्याच्या काढ्याची आठवण येते. पान रसाळ असतं, मिक्सरला लावलं तर पाणी सुटून लोणी फाटतं. सुरीनेच बारीक चिरावं आणि फडक्याने टिपावं. सब्जाची आठ-दहा पानं, मरव्याचा एक तुरा आणि भरडलेली सुकी मिरची त्यात मिसळावी. कोथिंबीर मागाहून भुरभुरवायची, आचेवर तिचा वास उडतो.

लादीला पावांच्या सांध्यांवर आणि प्रत्येक पावाच्या मधोमध चिरा द्यायच्या, तळ मात्र तुटू द्यायचा नाही. चिरांत लोणी भरून लादी फॉइलमध्ये गुंडाळायची. ओव्हन १८० अंशांवर तापवून बारा मिनिटं बंद आणि मग चार-पाच मिनिटं उघडी. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर हेच करता येतं. शेवटी माथा तव्यावर उलटा टेकवला की रंग येतो.

रायगडात डिसेंबरचा खरा मेजवानीचा पदार्थ पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा भरतात, तोंडाशी पुन्हा पाला कोंबतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाणी थेंबभरही नाही. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. या मडक्यात लसणाचे दोन अख्खे गड्डे टाकून बघा. न ठेचता शिजल्यामुळे झणका तयारच होत नाही, पाकळ्या गोडसर आणि लोण्यासारख्या मऊ होतात. सालीतून पिळून त्या पावाला फासल्या की पानओव्याचीही गरज उरत नाही. मडकं काढल्यावर निखारे उरतातच. गुंडाळलेली लादी त्यांच्यावर नाही, शेजारी ठेवावी आणि अधूनमधून फिरवावी.

लसणाचं लोणी उरलं तर ओट्यावर राहू देऊ नका. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरमधल्या एका हॉटेलात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून ३६ जणांना बोट्युलिझमची विषबाधा झाली होती. हवा न लागणाऱ्या स्निग्ध पदार्थात ते जंतू वाढतात. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावं. पोपटीतली अंडी दुसऱ्या दिवशी सोलून याच लोण्यात परतली तर तेवढेही दिवस ते टिकत नाही.