रेषा पुसतां येते तोंवर

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणाऱ्या पाण्यास आपण जायकवाडीचें पाणी म्हणतों. पण जायकवाडी हें गांव बीड जिल्ह्यांतलें. धरण आहे पैठणला. हैदराबाद राज्याच्या काळीं धरण जायकवाडीजवळच बांधावयाचा विचार होता. पुढें अधिक जमीन भिजावी म्हणून स्थळ गोदावरीच्या वरच्या अंगास सुमारें 100 किलोमीटर सरकविण्यांत आलें. नांव मात्र जुनेंच राहिलें. 1965 मध्यें लालबहादुर शास्त्री यांनीं कोनशिला बसविली. 1976 मध्यें इंदिरा गांधींनीं उद्घाटन केलें.

कागदावरची रेषा हलूं शकते, हें यावरून ध्यानांत यावें. जमिनीच्या चढउताराच्या हिशेबानें ती एवढी हलली, तर जिचें घर बुडणार त्या बाईच्या सांगण्यावरून थोडी तरी हलेल कीं नाहीं, हें पाहण्याची वेळ तीच असते. भिंत उभी राहिल्यावर लोकांचें मत विचारणें म्हणजे अक्षता पडल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखें आहे. 1921 मध्यें मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, सेनापति बापट त्याचे अग्रणी झाले; पण तोंवर काम सुरू झालेलें होतें.

कायद्याची चाल अशीच सावकाश. 1894 च्या भूसंपादन कायद्यांत आरंभीं हरकत ऐकून घेण्याचें कलमच नव्हतें. तें 1923 मध्यें आलें, तेंहि जमिनींत हितसंबंध असणाऱ्यापुरतें. बिनजमिनीचा मजूर, नदीवर जगणारा भोई त्यांत कोठें? 2013 च्या कायद्यानें अशांनाहि बाधितांत धरलें, आणि जमीन घेण्यापूर्वीं सामाजिक परिणामांची पाहणी व जनसुनावणी सांगितली. तथापि 2018 च्या दुरुस्तीनें औद्योगिक पट्टे व पायाभूत प्रकल्प यांस त्या पाहणींतून सूट देण्याची मुभा महाराष्ट्रानें स्वतःकडे घेतली. शेंद्रा-बिडकीनच्या शेजाऱ्यांना हें परकें वाटूं नये.

वैजापूर-गंगापुरावरून जाणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी. तेथें शेतजमिनी एकत्र करून मोबदल्यांत विकसित भूखंड देण्याची योजना प्रथम मांडली गेली. शेतकऱ्यांनीं विरोध केल्यावर थेट खरेदीचा मार्ग खुला झाला. बोललेलें वायां जात नाहीं. फक्त तें आधीं विचारलें असतें तर कटुता टळली असती, असें मला वाटतें.

पर्यावरणाच्या बाबतींत 2006 च्या अधिसूचनेनें ठरविलेली जनसुनावणी अजून आहे. कांहीं प्रकल्प मात्र तिच्याबाहेर ठेवलेले आहेत. निदान 30 दिवस आधीं वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठींत जिल्हाधिकारी कचेरींत व जिल्हा परिषदेंत पाहावयास मिळतो. हजर असलेल्या कोणालाहि प्रश्न विचारतां येतो, उत्तर प्रकल्पकर्त्यानें द्यावयाचें, आणि झालेलें बोलणें शेवटीं मराठींत वाचून दाखवावयाचें. मतदान नसतें. गणसंख्येचीहि अट नाहीं. दहा माणसें आलीं तरी सुनावणी झाली असें धरतात. मजुराला त्या दिवसाचा रोज बुडवावा लागतो. आपणांस, शहरांतल्या लोकांस, तेवढीहि झीज नाहीं. लेखी म्हणणें टपालानेंहि धाडतां येतें.