घरगुती शर्यतीत ब्रेकचा दाब महत्त्वाचा

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या निवासी वस्तीतही संगणक, स्टिअरिंग आणि पेडल यांच्या साहाय्याने घरबसल्या मोटार शर्यतीचा सराव करता येतो. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये व्हिडिओ गेमवर आधारित स्पर्धा जिंकून प्रत्यक्ष शर्यतींकडे वळला. मात्र असा सराव उपयुक्त ठरण्यासाठी ब्रेकच्या पेडलमध्ये सुधारणा आवश्यक असते.

स्वस्त संचातील पोटेन्शिओमीटर पेडल किती सरकले, एवढेच मोजतो. शर्यतीच्या मोटारीत पेडल फारसे सरकत नाही. चालक पायाच्या दाबावरून ब्रेकचा अंदाज घेतो. म्हणून पेडलला लोडसेल बसवला जातो. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यातही हाच घटक असतो. दाबामुळे त्यातील धातू किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. हा संकेत क्षीण असल्याने अ‍ॅम्प्लिफायरही लागतो.

मात्र दाब वाढताच चाकांची खुर्ची मागे सरकते. त्यामुळे प्रथम पेडल फळीवर स्क्रूने पक्के करून खुर्चीही त्याच चौकटीला जोडावी. त्यानंतर, पायाला वारंवार सहज देता येईल असा दाब पूर्ण ब्रेक म्हणून संगणकात निश्चित करावा. भक्कम चौकटीअभावी लोडसेलवरील खर्च व्यर्थ ठरतो.