बारापेडे गुहेतील वटवाघूळ

दिवेलागणीच्या सुमारास कल्याणच्या रस्त्यांवरील दिव्यांभोवती भिरभिरणारी लहान वटवाघळे सर्वांच्या परिचयाची आहेत. ती फळे खात नाहीत. उडते किडे हेच त्यांचे अन्न. याच कीटकभक्षी वर्गातील एक दुर्मीळ जाती सह्याद्रीच्या दक्षिण भागातील अरण्यात वास्तव्य करून आहे.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडी व कृष्णापूर या गावांच्या परिसरात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत १९१२ साली येथे हे वटवाघूळ आढळले. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबई प्रांताच्या वनखात्यातील अधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले.

स्वरूप

या वटवाघळाचे कान मोठे असून ते मुस्कटावर एकमेकांना जोडलेले व नाकापुढे आलेले असतात. अंग गडद तपकिरी, तर मानेमागे फिकट करडा पट्टा असतो. पुढच्या बाहूची लांबी सुमारे साडेसहा सेंटिमीटर भरते. शेपटीचा बराचसा भाग पडद्याबाहेर मोकळा राहतो. म्हणून ‘मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ’ असे त्याचे वर्णन केले जाते. पंख लांब व अरुंद असल्याने ते वेगाने उडते. आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ते अंधारात भक्ष्याचा माग काढते.

अधिवास

दाट, भरपूर पावसाच्या जंगलातील गुहा हे त्याचे आश्रयस्थान होय. छताच्या खोलगट भागात ही वटवाघळे घोळक्याने विसावतात. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बारापेडे हेच त्यांचे एकमेव ज्ञात ठिकाण होते. त्यानंतर मेघालयात व कंबोडियातही ती आढळली. तरीही आपल्या सह्याद्रीत त्यांचा मुख्य आधार या गुहाच आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या जातीचा समावेश असून २०११ मध्ये हा परिसर भीमगड अभयारण्यात आला.

ग्रामस्थांचे सहकार्य

कीटकभक्षी वटवाघळांची मादी बहुधा एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते. त्यामुळे गुहेत धूर केल्याने किंवा वारंवार वर्दळ झाल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. कायदा झाला तरी गुहेच्या तोंडाशी पेटवलेली आग रोखणे गावालाच शक्य असते. ठाणे जिल्ह्यातील लेणी व जुन्या किल्ल्यांतील वटवाघळांनाही हेच लागू पडते. पिकांवरील किडींचे पतंग फस्त करणाऱ्या या निशाचरांना निर्धास्त आसरा मिळावा, हे ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी लोकांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे.