सबवूफर घ्यायला निघालात? आधी पेटी उलटी करून बघा

साउंडवरच्या मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "दादा, सबवूफर किती वॉटचा घेऊ?" मी बोलतोय घुग्घुसमधून, आणि इथल्या माणसाला बास समजावून सांगावा लागत नाही. खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडकीची तावदानं थरथरतात, तोच हा प्रकार. सबवूफरचा पट्टा साधारण 20 ते 120 हर्ट्झचा.

वॉटचं पटकन उरकतो. खोक्यावर '10,000 वॉट पीएमपीओ' दिसलं की पेटीची मागची बाजू बघा. तिथे वीज किती ओढते ते लिहिलेलं असतं. ती 60 वॉट ओढत असेल, तर 10,000 आणणार कुठून? अहो, घरातला 5 अँपियरचा प्लगच 230 व्होल्टवर 1,150 वॉटपर्यंत जातो! आरएमएस किती तेवढं विचारा.

'30 हर्ट्झपासून' असं लिहिलं असेल तर सोबत 'अधिक-उणे 3 डेसिबल' आहे का? नसेल, तर 30 हर्ट्झला काहीतरी आवाज येतो एवढंच कळलं, किती येतो ते नाही. बास गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची असते. म्हणजे गाण्यांसाठी खरे 40 हर्ट्झ मिळाले तरी पुष्कळ झालं. त्याखालचं लागतं ते सिनेमातल्या स्फोटांना.

आता मुख्य काम, ऐकणं. दुकानदार ठेवणीतलं गाणं लावतो, त्यात सगळंच धडधडतं. आपलं गाणं घेऊन जा. मी तबल्याचं रेकॉर्डिंग नेतो. डग्ग्यावर मनगट दाबत सरकवलं की सूर चढतो ना, तो चढताना ऐकू आला पाहिजे. सुमार सबवूफर प्रत्येक ठोक्याला एकच 'धुम्म' करतो आणि ठोका संपला तरी घुमत राहतो. मग आवाज वाढवा आणि पेटीच्या भोकातून फुसफुस येते का ते ऐका.

त्यानंतर आवाज एकदम कमी करा. हे कोणी करत नाही, पण आपल्याकडे हेच जास्त महत्त्वाचं. कॉलनीत दोन क्वार्टरची भिंत एकच, आणि पलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला. भिंत बारीक आवाज अडवते, बास आरपार जातो. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला बास आधी कमी ऐकू येतो, म्हणून हात पुन्हा बटणाकडे जातो. हळू ठेवूनही डग्गा ओळखू आला, तर तो सबवूफर आपल्या कामाचा.

चंद्रपूरच्या दुकानात घेत असाल तर एक-दोन दिवस घरी लावून बघू देतात का, ते पैसे देण्याआधीच विचारा. कारण 12 फुटांच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींजवळ फुगतो आणि मधोमध गायब होतो. घरी आणलात की पेटी थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने खाली वाकून फिरा. घरचे हसतील, हसू द्या. जिथे डग्गा सगळ्यात मोकळा ऐकू येईल, तिथे पेटी ठेवायची.