रूबी शाळेला निघाली

बालमित्रांनो, १४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. १९६० साली याच तारखेला, दूर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, सहा वर्षांची एक मुलगी नव्या शाळेत निघाली होती. तिचं नाव रूबी ब्रिजेस. तिच्याबरोबर आई होती आणि मार्शल म्हणजे सरकारी पहारेकरी होते. शाळेत जायला पहारा कशाला? ते आधी समजून घेऊ.

तिथे तेव्हा गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी असे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी शाळांत असा भेद करणं घटनेच्या विरुद्ध आहे. रूबीचा जन्म त्याच वर्षीचा. पण निकाल लागला म्हणून शाळेची दारं लगेच उघडली नाहीत. सहा वर्षं टाळाटाळ चालली. शेवटी न्यायाधीशांच्या हुकमाने दारं उघडली. अवघड परीक्षा घेऊन काही काळी मुलं निवडली. त्यांतल्या तिघी एका शाळेत गेल्या. विल्यम फ्रांझ शाळेत गेली एकटी रूबी.

शाळेपुढे ही गर्दी! त्या शहरात मार्डी ग्रा नावाचा मोठा सण असतो, मिरवणुका निघतात. रूबीला वाटलं, तसलंच काहीतरी आहे. पण ते लोक तिच्यावरच ओरडत होते. एका बाईने तर विष घालण्याची धमकी दिली. कुणी लहानशा शवपेटीत काळी बाहुली ठेवून आणली. त्या बाहुलीची रूबीला फार भीती वाटली. ती स्वप्नातसुद्धा दिसायची. तरी दुसऱ्या दिवशी रूबी पुन्हा शाळेत आली. भीती वाटत असताना पाऊल पुढे टाकणं, यालाच धैर्य म्हणतात.

गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. शिक्षक शिकवायला तयार होईनात. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री बाई तेवढ्या तयार झाल्या. वर्षभर एका वर्गात एक बाई आणि एक विद्यार्थिनी! घरच्यांनाही सोसावं लागलं. वडिलांची नोकरी गेली. आजी-आजोबा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत, तीही सुटली. पण शेजारीपाजारी धावून आले, घरावर लक्ष ठेवू लागले.

रूबीशी बोलायला रॉबर्ट कोल्स नावाचे डॉक्टर येत. त्यांनी एक हकिगत लिहून ठेवली आहे. एके दिवशी बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर रूबी गर्दीसमोर थांबून काहीतरी पुटपुटत होती. बाईंनी विचारलं, लोकांशी काय बोललीस? ती म्हणाली, बोलले नाही, प्रार्थना केली. देवाने या लोकांना क्षमा करावी, अशी प्रार्थना ती रोज वाटेतच करायची. त्या दिवशी विसरली होती, म्हणून तिथेच थांबली!

पुढे थोडी गोरी मुलं परत आली. एक मुलगा रूबीला म्हणाला, तुझ्याशी खेळू नको असं आईने सांगितलंय. आपल्या रंगामुळे हे सगळं चाललंय, हे तिला तेव्हा कळलं. पण ती त्याच्यावर रागावली नाही. तिने विचार केला, माझ्या आईने सांगितलं असतं तर मीही ऐकलंच असतं की!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रूबीने माफ केलं, पण शाळा सोडली नाही. क्षमा करणं म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणं नव्हे. ती रोज त्याच दारातून आत गेली, म्हणून दुसऱ्या वर्षी तिच्या वर्गात गोरी आणि काळी मुलं एकत्र बसली. गर्दी नव्हती, पहाराही नव्हता. २०१४ साली, १४ नोव्हेंबरलाच, त्या शाळेच्या आवारात रूबीचा पुतळा बसवला.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. तो मुलगा वाईट नव्हता, त्याने आईचं ऐकलं. कुणाबरोबर खेळायचं नि कुणाबरोबर डबा खायचा, हे आम्ही घरीच शिकतो. तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकतो. तेव्हा चांगलंच सांगा!