ओलावलेल्या भिंती आणि बदललेले ऋतू

पावसाळ्यात भिंती ओलावतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत त्या सुकतात, हा पश्चिम भारतातील जुन्या घरबांधणीचा एक अलिखित करार होता. भिंत पाणी पिणार, हे जुन्या गवंड्याला पुरते ठाऊक होते. प्यालेले पाणी तिला पुन्हा हवेत सोडून देता यावे, एवढीच तजवीज तो करीत असे. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा, उंच जोते, पुढे आलेली पागोळी, समोरासमोरच्या खिडक्या ही सारी त्या तजविजीचीच अंगे होत. आज या कराराचा दुसरा पक्ष, म्हणजे निसर्ग, आपल्या अटी बदलू लागला आहे; आणि पहिला पक्ष, म्हणजे आपण, आपल्या अटी केव्हाच विसरून गेलो आहोत. जुन्या घरांच्या ओलीचा प्रश्न या दोन विस्मरणांच्या मधोमध उभा आहे.

हा प्रश्न किती निकडीचा झाला आहे, हे पाहावयाचे असेल तर वडोदऱ्याच्या फतेगंजकडे पाहावे. गायकवाडांच्या या राजधानीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १९०९, १९२१ आणि १९३४ साली मराठी साहित्यिकांची संमेलने तेथे भरली आणि २०१८ सालीही एक्याण्णवावे संमेलन तेथेच भरले. इंग्रजी अमदानीत लष्करी कॅम्प असलेला फतेगंज आज विद्यापीठाच्या शेजारचा गजबजलेला भाग आहे. उड्डाणपूल, उपाहारगृहे आणि बहुमजली इमारती यांच्या गर्दीत कॅम्पच्या काळाच्या खुणा अजून टिकून आहेत. विटांच्या जाड भिंती, उंच छत आणि चुन्याची जोडणी असलेली जुनी घरे या शहरात ठिकठिकाणी आहेत. आणि विश्वामित्री नदीही दूर नाही. पावागडच्या बाजूने येणारी ही नदी शहराच्या मधून वळणे घेत जाते आणि तिचे पाणी चढले की फतेगंज, सयाजीगंज, समा, अकोटा या भागांना त्याची झळ पोहोचते.

३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात चोवीस तासांत साडेचारशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ निम्मा वाटा एका दिवसात पडला. पुढे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांपर्यंत मजल मारली आणि कित्येक वस्त्या पाण्यात राहिल्या. पूर ओसरला, वृत्तपत्रांतील छायाचित्रे जुनी झाली, मदतीचे हिशोब झाले. परंतु भिंतींचा हिशोब कोणी मांडला?

तो मांडून पाहण्यासारखा आहे. विटांची भिंत सुकण्यास दर इंच जाडीमागे सुमारे एक महिना लागतो, असा बांधकाम व्यवसायातील एक जुना ठोकताळा आहे. तो थंड देशांत रूढ झाला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात भिंत त्याहून लवकर सुकते, हे खरे. परंतु भिंतीत क्षार भरले असतील आणि तिच्यावर सिमेंटचे आवरण असेल, तर आपल्याकडेही तो फारसा खोटा ठरत नाही. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकू लागली तरी या हिशोबाने तिला नऊ महिने हवेत. ऑगस्टअखेर बुडालेली भिंत त्यामुळे पुढल्या मे महिन्याच्या अखेरीस कुठे कोरडी होणार. आणि २०२५ च्या मे महिन्यात काय घडले? पहिल्याच आठवड्यात गुजरातेत जोरदार अवकाळी पाऊस झाला. त्याच महिन्यात, २४ तारखेला, मोसमी पाऊस केरळात पोहोचला आणि २६ तारखेला तो मुंबईत दाखल झाला; मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद पूर्वी नव्हती. म्हणजे पहिले पाणी पुरते निघून जाण्याआधीच दुसऱ्या पाण्याने दार ठोठावले. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्येही ऐन हिवाळ्याच्या तोंडावर गुजरातभर अवकाळी पाऊस पडला होता. भिंतींच्या विश्रांतीचे महिने असे दोन्ही टोकांनी कुरतडले जात आहेत.

यामागील शास्त्र दुर्बोध नाही. हवेचे तपमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारी हवा अधिक बाष्प घेऊन येते, आणि पाऊस पडतो तेव्हा तो थोड्या तासांत अधिक पडतो. मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० पासून २०१५ पर्यंत जवळजवळ तिपटीने वाढल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले आहे. संथ रिमझिमीत पागोळ्यांवरून निथळून जाणारे पाणी अशा मुसळधारेत भिंतीच्या अंगावर आदळते, पन्हाळी तुंबवते आणि अंगणात साचून पायातून वर चढते. पाऊस नसलेल्या दिवशीही दमट उष्ण हवा घरातल्या थंड भिंतीला स्पर्श करते तेव्हा भिंतीला घाम फुटतो. ओलीच्या या तीन वाटा आहेत: वरून गळणारी, खालून चढणारी आणि हवेतून बसणारी. बदलत्या हवामानाने तिन्ही वाटा रुंद केल्या आहेत.

मात्र सारा दोष आभाळावर टाकून हात झटकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या घरांच्या ओलीतील मोठा वाटा आपल्या हातचा आहे. रस्त्यावर दरवर्षी डांबराचा नवा थर चढतो, जुना कोणी खरवडून काढीत नाही. परिणामी एके काळी रस्त्याहून दोन हात उंच असलेले जोते आज रस्त्याच्या पातळीला, कोठे त्याच्याही खाली गेलेले दिसते. पाण्याने मग जावे कोठे? दुसरे, दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याचा गिलावा पाडून त्यावर सिमेंट थापले जाते, वर चकचकीत फरशा बसविल्या जातात. सिमेंटचा घट्ट थर बाहेरचे पाणी थोडे अडवितो, पण आतले पाणी पुरते कोंडतो. कोंडलेले पाणी वर चढते आणि फरशीच्या वरच्या कडेला पोपडे धरू लागतात. पाणी उडून जाताना मागे राहिलेले क्षार विटेच्या छिद्रांत स्फटिकरूप घेतात, फुगतात आणि वीट आतून फोडतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. घरमालक पुन्हा गवंडी बोलावतो, गवंडी पुन्हा सिमेंट लावतो, आणि पाचसहा वर्षांनी दोघेही निष्कर्ष काढतात की घर जुने झाले, आता पाडावे. तिसरे, वातानुकूलन यंत्रासाठी झरोके बुजविले जातात आणि ज्या वाऱ्याने शंभर वर्षे घर कोरडे ठेवले, त्यालाच दाराबाहेर उभे केले जाते.

हा केवळ रंगसफेदीचा प्रश्न नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे विकार होण्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच स्पष्ट केले आहे. आणि दिवसाचे वीस तास घरात घालविणारी माणसे म्हणजे वृद्ध, बाळंतिणी व तान्ही मुले होत. ओलीपाठोपाठ वाळवी येते, वाळवीपाठोपाठ तुळई जाते. कपाटांतल्या सनदा, पत्रव्यवहार, पोथ्या आणि जुन्या मासिकांचे अंक यांना बुरशी लागली की एका कुटुंबाची स्मृती पुसली जाते; आणि महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही स्मृती बहुतेक वेळा दुसरीकडे कोठे नोंदलेलीही नसते. वडोदऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत, कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. अशा वास्तूंची काळजी वाहणारे कोणी तरी असते. सामान्य माणसाच्या ओसरीची काळजी कोण वाहणार?

यावर व्यवहारी मंडळी म्हणतील, जुनी घरे ठेवावीत कशाला? पाडावीत आणि नवी बांधावीत. ज्याच्या डोक्यावरचे छत खरोखर धोकादायक झाले आहे त्याला जुन्याच्या गौरवाचे प्रवचन ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु चुकीच्या दुरुस्तीने आजारी पाडलेल्या घराला म्हातारे ठरवून त्याचा निकाल लावणे निराळे. शिवाय काँक्रीटच्या इमारती ओलीतून मुक्त आहेत, हा भ्रमच आहे. त्यांच्यातली ओल पोलादी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे तुकडे खाली येतात. चुन्याची भिंत दुखणे अंगावर दाखविते. काँक्रीट ते बराच काळ पोटात ठेवते.

मग करावे काय? उपाय महागडे नाहीत, पण शिस्तीचे आहेत. पूर ओसरल्यावर ताबडतोब गिलावा व रंग लावण्याची घाई करू नये. सुटलेला गिलावा काढून भिंतीला एक पूर्ण कोरडा ऋतू द्यावा. जुन्या भिंतीला चुनाच वापरावा. सुरखी, गूळ, मेथी, बेलफळाचा गर घालून मळलेल्या चुन्याची विद्या आपल्याकडे होती. तिचे जाणकार कारागीर हयात आहेत तोवर ती तरुण गवंड्यांच्या हाती गेली पाहिजे. भिंतीलगतची जमीन खाली उतरवून पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्यावा. पन्हाळी जुन्या पावसाच्या मापाने असतील तर त्या रुंद कराव्यात. झरोके उघडावेत.

याहून पुढचे काम नगरसंस्थांचे आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात वडोदरा महापालिकेने विश्वामित्रीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम हाती घेतले, ते स्वागतार्हच होते. पण नदी खोल करणारी आणि रस्ते उंच करणारी यंत्रणा एकच असेल तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडण्याचा नियम कसोशीने पाळला जावा. जुन्या घराची योग्य रीतीने दुरुस्ती करणाऱ्यास घरपट्टीत सवलत मिळावी. पूरग्रस्तांच्या पंचनाम्यात वाहून गेलेल्या भांड्यांची नोंद होते, तशी ओलावलेल्या भिंतींचीही व्हावी आणि मदत भिंत सुकण्याच्या काळापर्यंत पुरावी. सयाजीराव महाराजांनी शहरासाठी आजव्याचा जलाशय उभारला, तो पुढील पिढ्यांचा विचार करून. त्यांच्या नगरीने निदान पुढल्या पावसाळ्याचा विचार करावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आणि आपण किनाऱ्यावरची माणसे हे सारे दुरून पाहत बसलो तर तेही शहाणपणाचे नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीची कौले उडविली, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपला किनारा झोडपून गुजरातेत गेले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूण व महाड बुडाले. आपली जांभ्याची घरेही पाणी पितात आणि सोडतात. आपणही त्यांच्यावर सिमेंट थापतो, पडव्या बंद करतो, अंगणे फरशीने मढवितो. फतेगंजातल्या भिंतीला नऊ कोरडे महिने मिळेनासे झाले; आपल्या भिंतींना तेवढे कधी मिळतच नव्हते. म्हणून जे शहाणपण वडोदऱ्याने आज शिकावे, ते आपण कालच शिकावयास हवे होते. यंदाचा पाऊस थांबेल तेव्हा प्रत्येकाने आपल्या घराभोवती एक फेरी मारावी, जोते रस्त्याहून किती उंच उरले आहे ते मोजावे आणि दुरुस्ती तेथून सुरू करावी.