फुकटच्या विरजणाची अट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धुळ्याच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात घडलेली ही गोष्ट आहे. साल २००६. त्या दुकानात मी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम चालत असे. शेतकऱ्याचा माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत हे सगळे भरायचे आणि हिशेबपट्टी छापून हातात द्यायची, एवढेच त्याचे काम. जळगावची नऊ आणि धुळ्याची पाच अशी चौदा दुकाने तेव्हा माझी गिऱ्हाइके होती. धुळ्याच्या या शेठजींची डाळ मिलही होती आणि मुंबईची एक मोठी कंपनी त्या धंद्यात भागीदार होऊ पाहत होती. कंपनीच्या हिशेब तपासनिसांनी एक कागद पाठवला. त्यात एक प्रश्न माझ्यासाठी होता : ‘आपल्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्याने तयार केलेले कोणते भाग आहेत आणि ते कोणत्या परवान्याखाली घेतले आहेत?’

मी उत्तर लिहिले, ‘मायएसक्यूएल डेटाबेस. फुकट आहे.’

चार दिवसांनी कागद परत आला. ‘फुकट’ या शब्दाखाली रेघ ओढून पुढे लिहिले होते, ‘कोणत्या अटीवर?’

शेठजींनी मला बोलावून घेतले आणि अहिराणीत विचारले, “भाऊ, फुकट शे ना हाई? मग आते कसाना कागद?” मला उत्तर देता आले नाही. ज्या अटीवर ती वस्तू मी घेतली होती, ती अट मी कधी वाचलीच नव्हती. इतकेच नव्हे, तर परवान्याची फाईल पाहून गिऱ्हाईक गोंधळते म्हणून सीडी तयार करताना ती मीच काढून टाकली होती.

त्या रात्री जळगावला परतल्यावर मूळ फाईल काढून बसलो. जे कळले ते आज सांगावेसे वाटते. कारण लहान गावांतून सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते विकत घेणारे व्यापारी, असे दोघेही या प्रश्नाकडे अजून माझ्यासारखेच पाहतात.

आधी डेटाबेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दुकानात वह्या असतात आणि त्या वह्या सांभाळणारा मुनीम असतो. डेटाबेस हा तो मुनीम. नोंद जपून ठेवणे, मागितली की काढून देणे, दोघे एकदम लिहू लागले तर गोंधळ होऊ न देणे हे त्याचे काम. असा मुनीम स्वतः घडवणे हे मोठ्या मंडळींचे काम; माझ्यासारखा माणूस तो तयार घेतो. मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस तेव्हा आमच्या आवाक्याबाहेर होते. स्वीडनमधील एका कंपनीने १९९५ मध्ये सुरू केलेला मायएसक्यूएल मात्र इंटरनेटवरून उतरवून घेता येत होता. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी मूळ संहिता, सर्वांसाठी खुली होती. यालाच मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात.

पण खुले म्हणजे बेवारस नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये गणला जातो. पुस्तकाला जसा लेखक असतो तसा प्रोग्रॅमलाही मालक असतो आणि प्रत काढण्याची परवानगी त्याच्याकडूनच मिळते. मुक्तस्रोत परवाना म्हणजे ही परवानगी, काही अटींसह आगाऊ दिलेली. किंमत शून्य असली तरी अट शून्य होत नाही.

मायएसक्यूएलचा परवाना २००० सालापासून जीपीएल या नावाचा आहे. त्याची अट समजावून सांगायला मला आपल्या घरातले विरजण सोपे वाटते. शेजारच्या काकूंनी विरजण दिले, पैसे घेतले नाहीत. सांगितले एवढेच, ‘यातून लावलेले दही तू कोणाला दिलेस, विकलेस तरी चालेल, पण त्याने मागितले तर विरजणही द्यायचे, कसे लावले तेही सांगायचे आणि पुढे त्यालाही कोणाला अडवायचे नाही.’ आता हे विरजण तुम्ही स्वतःच्या दुधात घातले, तर सगळ्याच दुधाचे दही होणार. जीपीएल असाच आहे. त्याखालचा भाग तुमच्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो एकजीव प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर तुमच्या भागाचाही सोर्स कोड त्याच अटीवर खुला करावा लागतो.

यात दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्या. पहिली म्हणजे, घरात दही लावून घरातच खाल्ले तर कोणतीच अट लागत नाही. प्रोग्रॅम नुसता चालवण्यावर आपण बंधन घालत नाही, असे जीपीएल स्वतःच सांगतो. म्हणून अडत दुकानदाराने, डाळ मिलवाल्याने किंवा सराफाने मायएसक्यूएल आपल्या धंद्यासाठी वापरला तरी त्याला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि काही उघडेही करावे लागत नाही. ‘धंद्यासाठी वापर म्हणजे परवाना विकत घ्या’ हा समज खरा नाही. अट लागू होते ती दुसऱ्याला प्रत देताना, म्हणजे माझ्यासारख्या विकणाऱ्याला.

दुसरी गोष्ट, एका पिशवीत दह्याचे भांडे आणि दुधाचे भांडे शेजारी ठेवले म्हणून दुधाचे दही होत नाही. एकाच सीडीवर माझा प्रोग्रॅम आणि मायएसक्यूएल शेजारी ठेवणे ही मिसळ नव्हे. तेवढ्यासाठी मायएसक्यूएलचा परवाना सोबत देणे आणि त्याचा सोर्स कोड देण्याची सोय करणे पुरेसे होते. तेही मी केले नव्हते, हा भाग वेगळा.

खरी अडचण पुढे होती. माझा प्रोग्रॅम डेटाबेसशी बोलण्यासाठी एक छोटी लायब्ररी वापरत असे आणि ती मी प्रोग्रॅमला जोडून टाकलेली होती. मी काम सुरू केले तेव्हा मायएसक्यूएलची ३.२३ ही आवृत्ती होती. तिच्यासोबतची लायब्ररी एलजीपीएल या सौम्य परवान्याखाली होती आणि बंद प्रोग्रॅमला ती जोडण्यास हरकत नव्हती. पुढे ४.१ आवृत्तीत युनिकोडची सोय आली. शेतकऱ्याचे नाव हिशेबपट्टीवर देवनागरीत यावे म्हणून मी मोठ्या आनंदाने नवी आवृत्ती घेतली. पण ४.० पासून ती लायब्ररीही जीपीएलखाली गेली होती. प्रोग्रॅममधली एक ओळही न बदलता माझ्यावरचे बंधन बदलले होते आणि मला पत्ता नव्हता. परवाना केवळ नावाला चिकटलेला नसतो, तो आवृत्तीला चिकटलेला असतो, हा धडा मला तेव्हा मिळाला.

हे वाद नुसते कागदावरचे नाहीत. अमेरिकेत नूस्फिअर या कंपनीने जेमिनी नावाचा आपला भाग मायएसक्यूएलला जोडून विकला, पण त्याचा सोर्स कोड दिला नाही, अशी मायएसक्यूएलवाल्यांची तक्रार होती. प्रकरण बॉस्टनच्या संघराज्य न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००२ मध्ये न्यायाधीश पॅटी सारिस यांनी मायएसक्यूएल हे नाव वापरण्यावर अंतरिम मनाई केली. परवान्याच्या मुद्द्यावर मात्र तशी मनाई केली नाही. जेमिनी हा स्वतंत्र भाग की त्याच प्रोग्रॅमचे अंग, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते, आणि तोवर नूस्फिअरने सोर्स कोड खुला केलेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांत तडजोड झाली. मिसळ कुठे सुरू होते हा प्रश्न जाणकारांनाही कसा अडवतो, हे यावरून दिसते. मात्र परवाना न्यायालयात टिकतच नाही असे कोणी समजू नये. २००४ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने एका वेगळ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत जीपीएलची अट बंधनकारक मानली.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, माझाही सोर्स कोड गिऱ्हाइकांना त्याच अटीवर देऊन टाकणे. यात कमीपणा काही नाही. पैसे घेण्यास जीपीएलची मनाईही नाही. पण चौदा दुकानांवर माझे घर चालत होते आणि कोणीही तो कोड पुढे वाटू शकला असता. दुसरी वाट, मालक कंपनीकडून व्यापारी परवाना विकत घेणे. मायएसक्यूएलचे हेच वैशिष्ट्य : एकच वस्तू दोन परवान्यांखाली मिळते. अट पाळायची असेल त्याला फुकट, अट नको असेल त्याला पैसे मोजून. हा व्यवहार सरळ आहे. पण चौदा प्रतींचा खर्च गिऱ्हाइकांवर टाकणे मला जमणारे नव्हते. तिसरी वाट, मुनीमच बदलणे.

मी तिसरी धरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये ज्या प्रकल्पाची सुरुवात केली, त्यातून पुढे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस उभा राहिला. त्याचा परवाना चार-दोन परिच्छेदांचा आहे. वापरा, बदला, विका, स्वतःचा कोड बंद ठेवा. फक्त हक्काची मूळ नोंद आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत ठेवा. एखाद्या दानशूराने बांधलेल्या विहिरीचे पाणी कोणीही न्यावे, पण त्याच्या नावाची शिळा उखडू नये, असा हा प्रकार. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून तो विंडोजवर थेट चालू लागला होता, म्हणून माझे काम निभावले. तरीही तीन महिने गेले. एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला एसटीच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. दुकान बंद झाल्यावर रात्री नोंदी हलवायच्या, सकाळी लिलावाच्या आत सगळे ताळ्यावर आणायचे. दोन गिऱ्हाइके त्या गडबडीत कायमची गेली. शेठजींची भागीदारी मात्र झाली. तपासनिसांना दुसऱ्या खेपेस पाठवलेल्या कागदावर रेघ आली नाही.

त्यानंतर बरेच बदलले. मायएसक्यूएलची कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच कोडमधून मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली. जीपीएल असल्यामुळेच त्यांना हे करता आले, हेही या अटीचे फळ. मारियाडीबीची डेटाबेसशी बोलणारी सी भाषेतील लायब्ररी एलजीपीएलखाली मिळते. माझ्यासारख्याची जुनी अडचण तिने बरीच सोडवली आहे. पोस्टग्रेएसक्यूएलला तर एकच एक मालक कंपनी नाही. त्यावर धंदा उभारलेल्या एंटरप्राइझडीबीचे कार्यालय आपल्या पुण्यात आहे.

आता नवा प्रश्न आला आहे तो भाड्याच्या सेवेचा. प्रत हातात न देता प्रोग्रॅम इंटरनेटवरून वापरायला दिला तर जीपीएलची अट लागत नाही. ही फट पाहून काही डेटाबेस कंपन्यांनी परवाने कडक केले. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ पासून नवा परवाना आणला : हा डेटाबेस सेवा म्हणून इतरांना पुरवाल, तर ती सेवा चालवणारी आपली सगळी यंत्रणा खुली करा. रेडिसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला आणि मे २०२५ मध्ये एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचाही पर्याय दिला. साध्या दुकानदाराला याची झळ सहसा लागत नाही. पण जे तरुण आज जळगावात बसून इंटरनेटवरून हिशेबाची सेवा देत आहेत, त्यांनी प्रत्येक नव्या आवृत्तीचा परवाना उघडून पाहावा.

तेव्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी ही वस्तू नुसती वापरतो आहे, की दुसऱ्याला प्रत देतो आहे, की सेवा म्हणून चालवतो आहे? ती माझ्या प्रोग्रॅमच्या शेजारी आहे की आत मिसळली आहे? आणि माझ्याकडे असलेल्या नेमक्या आवृत्तीचा परवाना कोणता? विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने एकच करावे : बिलासोबत या तीन उत्तरांचा कागद मागून घ्यावा. मिसळ झाली की नाही अशी शंका असेल, तर वकिलाची फी देणे पुढच्या धावपळीपेक्षा स्वस्त पडते. मी तीन महिने आणि दोन गिऱ्हाइके देऊन हे शिकलो.

माझ्या टेबलावर आता एक साधी वही असते. कोणती वस्तू, कोणती आवृत्ती, कोणता परवाना आणि तो कोणत्या तारखेला वाचला, एवढेच तिच्यात लिहितो. धुळ्याचे ते शेठजी अजूनही माझे गिऱ्हाईक आहेत. नवी आवृत्ती घेऊन गेलो की चहा सांगतात आणि हसून पहिला प्रश्न तोच विचारतात, “भाऊ, कागद लयना का?”